व्यासपीठाआधी ओटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फ्लोरिडातल्या तुमच्या छोट्या गावाच्या ग्रंथालयाला येत्या जानेवारीत झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेच्या स्मरणार्थ दोन दिवसांचा कार्यक्रम करायचा आहे. मंडळाचा गणेशोत्सव सात वर्षं सांभाळलात म्हणून संयोजन तुमच्याकडे आलं. हातात 4,000 डॉलर आहेत. प्रमुख पाहुणे, मुलांची चित्रकला स्पर्धा, पुस्तकातले उतारे आणि एखादं नृत्य असा बेत आहे. मंडळाच्या मुली लेझीम करायला तयार आहेत. समितीत कृष्णवर्णीय बाई एकच, आणि त्या फारशा बोलत नाहीत. तुम्ही विचारता, 'मी भारतीय बाई, हे मी करावं का? आणि केलं तर कसं?'

मी फ्लोरिडातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत कार्यक्रम आखायचं काम 19 वर्षं केलं. त्यातले बरेच हर्स्टनच्या नावाचे होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या वाक्यापासून सुरुवात करते, 'त्या फारशा बोलत नाहीत.' तुमची खरी अडचण तिथे आहे. कार्यक्रमात काय काय ठेवायचं हे नंतर सुचेल. आधी ठरायला हवं की हा कार्यक्रम कुणाचा आणि त्यातले निर्णय कोण घेणार. बैठकीला सगळा बेत तयार असतो, मग एकीकडे वळून 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं जातं. अशा वेळी कुणीही मान डोलावून गप्प बसेल. त्या बाईंना बैठकीबाहेर भेटा, त्यांच्या सोयीच्या जागी, हातात कागद न घेता. गावातल्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत कुणाकुणाला भेटायला हवं, एवढंच विचारा. त्यांनी दिलेली नावं हीच तुमची खरी समिती.

बरंच काही गावावर अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. तुमच्या गावात अशी वस्ती, तिचं चर्च आणि तिथे 70-80 वर्षं राहिलेली माणसं असतील, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल. गाव अलीकडे वसलेलं असेल आणि अशी वस्तीच नसेल, तर दोन दिवसांचा पसारा मांडू नका. एका संध्याकाळी चांगलं वाचन ठेवा आणि उरलेल्या पैशात बस करून लोकांना ईटनव्हिलला घेऊन जा. तसंही गेलंच पाहिजे.

ईटनव्हिलची गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण आपण काय करायचं ते तिच्यातून कळतं. ऑरलँडोच्या उत्तरेला लागूनच हे छोटं गाव आहे. 1887 साली कृष्णवर्णीय लोकांनी मतदान करून ते स्थापन केलं आणि तेव्हापासून कारभार स्वतःच पाहिला. अमेरिकेतल्या अशा पहिल्या गावांपैकी ते एक. हर्स्टन लहानाची मोठी तिथे झाली. तिचे वडील पुढे गावचे महापौर झाले. गुलामगिरी संपून जेमतेम 22 वर्षं झाली होती, आणि या मुलीच्या डोळ्यांसमोर शाळा, चर्च, दुकान, नगरपालिका सगळं आपल्याच माणसांच्या हातात होतं. तिच्या लेखनात जो ताठ कणा दिसतो तो या गावाचा.

शंभर वर्षांनी, 1987 मध्ये, गावातून जाणारा मुख्य रस्ता पाच पदरी करायचा घाट काउंटीने घातला. रस्ता रुंद झाला असता तर गाव मधोमध चिरलं गेलं असतं. लोकांनी संघटना उभी केली आणि हर्स्टनचं नाव पुढे केलं. या गावाने अमेरिकेला कोण दिलं ते पाहा, मग रस्त्याचं ठरवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातूनच 1990 मध्ये झोरा महोत्सव सुरू झाला. तो आजही दर जानेवारीत भरतो. त्याच वर्षी तिच्या नावाचं छोटं कलासंग्रहालयही उघडलं. 1998 मध्ये गावाच्या जुन्या भागाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. म्हणजे गाव वाचवायची गरज आधी होती, महोत्सव मागून आला. म्हणून वस्तीतल्या लोकांना भेटाल तेव्हा पहिला प्रश्न हर्स्टनबद्दल विचारू नका. 'तुमच्या वस्तीतलं काय जपायला हवं असं तुम्हाला वाटतं?' असं विचारा. कुणी दफनभूमीचं नाव घेईल, कुणी बंद पडलेल्या शाळेचं. कार्यक्रमाचा विषय तिथून निघतो.

आता ओट्याकडे येते. ईटनव्हिलमध्ये जो क्लार्कचं दुकान होतं. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं जमायची आणि थापांची चढाओढ लागायची. तिथे ऐकलेल्या गोष्टी, टोमणे, बोलण्याची लय हर्स्टनने आयुष्यभर जवळ बाळगली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात ती फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकली, 1928 मध्ये पदवीधर झाली आणि पुढे त्याच ओट्यावर परत येऊन गोष्टी गोळा केल्या. 1939 मध्ये जॅक्सनव्हिलला केलेलं तिचं ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतं. त्यात ती स्वतः गाते, आणि गाणी कशी शिकलीस असं विचारल्यावर सांगते की मी लोकांच्या घोळक्यात जाऊन बसते, ऐकते, हळूहळू त्यांच्यात आवाज मिसळते, मग त्यांनाच म्हणून दाखवते. ते बरोबर म्हणाले की मग ते गाणं माझं पाठ झालं. हे मुद्रण समितीला पहिल्याच बैठकीत ऐकवा. कार्यक्रम कसा करायचा ते तिने त्यात सांगून ठेवलंय. आधी ऐकायचं, मग सामील व्हायचं, मग ज्यांचं आहे त्यांच्याकडून तपासून घ्यायचं.

माझा पहिला हर्स्टन कार्यक्रम मी या उलट केला होता. प्राध्यापक बोलावले, बाहेरून नृत्यपथक आणलं, तसबीर, फुलं, दीड तासाचं भाषण. सभागृह भरलं, पण दोन गल्ल्यांपलीकडच्या वस्तीतून मोजून नऊ माणसं आली. त्यांतल्या एका आजींनी जाताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'छान झालं, पोरी. पण झोराच्या लोकांसारखं आमच्याकडेही बोलायला खूप होतं, आम्हाला कुणी विचारलं नाही.' मी पुढच्या वर्षी व्यासपीठच काढून टाकलं.

व्यासपीठाच्या जागी आम्ही एक लांब टेबल ठेवलं आणि त्यावर पांढरा कागद अंथरला, आठ फूट लांब. मधोमध चर्च आणि रेल्वेचे रूळ तेवढे आखले. बाजूला जाड पेन्सिली. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी 1950 च्या सुमाराचा मोहल्ला आठवून काढायचा आणि शेजारी बसलेल्या मुलांनी त्यात चित्रं भरायची. पहिली दहा मिनिटं कुणी पेन्सिल उचलेना. मग एका काकांनी केशकर्तनालय काढलं, तर समोरच्या बाई म्हणाल्या, 'ते तिथे नव्हतं, ते आंब्याच्या झाडापलीकडे होतं.' तिथून जी वादावादी सुरू झाली ती अडीच तास चालली. कुणाच्या आईची खानावळ कुठे होती, संत्री पेट्यांत भरायची शेड कुठे, पावसात कुठली गल्ली बुडायची! एका मुलाने आंब्याच्या झाडाला निळे आंबे काढले तेव्हा काकांनी त्याला तो आंबा पिकल्यावर कसा दिसायचा ते पाच मिनिटं समजावून सांगितलं. तुमच्या चित्रकला स्पर्धेऐवजी हे करा असं मी आग्रहाने सांगेन. स्पर्धेत पन्नास मुलं टोपी घातलेल्या हर्स्टनचं तेच छायाचित्र रंगवतात आणि बक्षीस घेऊन घरी जातात.

मुलांसाठी आणखी एक सुचवते. टाळ्यांचे आणि उड्यांचे जुने खेळ वस्तीतल्या आज्यांना पाठ असतात. त्यांनी ते मुलांना शिकवायचे. अशी खेळगाणीही हर्स्टन गोळा करत असे. त्याला फक्त मोकळी जागा आणि दोन खुर्च्या लागतात.

वाचनाबद्दल तीन गोष्टी आहेत. पहिली, हक्कांची. अमेरिकेत त्या काळातलं प्रकाशित लेखन 95 वर्षांनी खुलं होतं. तिची सगळ्यात गाजलेली कादंबरी, 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड', 1937 ची, म्हणजे ती 2032 च्या अखेरीपर्यंत बंधनात आहे. तिच्यातले उतारे सादर करायचे किंवा नाट्यरूप करायचं तर प्रकाशकाची लेखी परवानगी काढा, आणि त्याला काही महिने लागतील असं धरून चाला. पण 'स्पंक' ही 1925 ची कथा, 'स्वेट' ही 1926 ची, त्याच वर्षीची ईटनव्हिलच्या माणसांची छोटी शब्दचित्रं आणि 1928 चा वर्णाविषयीचा निबंध, हे सगळं आता खुलं आहे. तुमचे दोन दिवस यावरच उत्तम निघतील. शब्दचित्रं तर ओट्यावर वाचायलाच लिहिल्यासारखी आहेत, काही अर्ध्या पानाची, काही चार ओळींची.

दुसरी, बोलीची. तिचे संवाद फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीय बोलीत आहेत, आणि ती बोली दुसऱ्या कुणी तोंडात घोळवली की नक्कल होते. या देशात त्या नकलेला फार वाईट इतिहास आहे. गोरे नट तोंडाला काळं फासून हीच बोली विनोदासाठी वापरत. त्यामुळे संवाद कृष्णवर्णीय वाचकाने किंवा नटानेच वाचावेत. मधलं निवेदन तुम्ही वाचलंत तर चालेल, तेही त्यांना योग्य वाटलं तर. कथांमध्ये एक अपमानकारक शब्दही येतो. तो उच्चारायचा की गाळायचा हे वाचणाऱ्याने आधी ठरवावं आणि श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगावं. आयत्या वेळी अडखळलं की सगळ्या दालनाला अवघडल्यासारखं होतं.

तिसरी, कथा निवडण्याची. 'स्वेट' निवडा, पण मुलांच्या वेळेत नको, कारण त्यात नवऱ्याचा छळ आहे. डीलिया गोऱ्यांचे कपडे धुऊन स्वतःचं घर उभं करते, आणि नवरा तिला तिथून हुसकायला बघतो. आमच्याकडे एकदा वाचनानंतर चर्चा ठेवली होती. प्रश्नांची यादी तयार होती, पण ती लागलीच नाही. मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहून म्हणाल्या, 'माझी आई हेच काम करायची.' आणि त्यांनी सांगितलं, शनिवारी गठ्ठे यायचे, पांढरे कपडे वेगळे काढायचे, अंगणात काळ्या हंड्यात उकळायचे, बडवायचे, मग शेवटच्या पाण्यात नीळ. नीळ किती घालायची ते आई बोटांना पाणी लावून, उजेडात धरून बघायची, जास्त झाली तर मालकीण पैसे कापायची. माझ्या शेजारी पुण्याहून लेकीकडे आलेल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी थोडंच कळत होतं. मी हळूच 'नीळ' म्हणाले आणि त्यांनी लगेच आपली बोटं तशीच उजेडात धरली. त्या दोघी कार्यक्रमानंतर बराच वेळ एकमेकींच्या हातांकडे बघत काहीबाही बोलत होत्या. कुठल्या भाषेत ते मी विचारलं नाही.

हे सांगायचं कारण तुमचा तो प्रश्न, मी भारतीय, मी करावं का? करा. आपल्याकडे या कामाची मोठी परंपरा आहे. गी पॉयत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की ओवीसोबत ती म्हणणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव नोंदलेलं आहे. तीच शिस्त इथे आणा. नकाशावर, छापील पत्रिकेवर, ध्वनिमुद्रणावर, जो बोलला त्याचं नाव, त्याने सांगितलेल्या स्पेलिंगप्रमाणे. ध्वनिमुद्रण करण्याआधी लेखी संमती घ्या आणि एक प्रत त्या घरी पोचवा. आमच्याकडे एका काकांचं मुद्रण असं पोचवलं होतं. वर्षभराने ते गेले, आणि अंत्यविधीच्या वेळी मुलीने तोच आवाज लावला.

लेझीम मात्र या वेळी ठेवू नका. मुलींना वाईट वाटेल, त्यांना नीट समजावून सांगा. हर्स्टनच्या नावाच्या पहिल्याच कार्यक्रमात आपलं पथक मध्येच आलं की त्याला 'विविध देशांची संस्कृती' असं रूप येतं आणि जिच्यासाठी जमलो ती बाजूला पडते. त्याऐवजी मुलींना नकाशाच्या टेबलावर बसवा, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं लिहून घ्यायला लावा. पुढच्या वर्षी वस्तीतल्या लोकांनी आपणहून विचारलं की तुमच्याकडे काय आहे, तर ओट्यावर बसून ओव्या म्हणा.

पैशांचं स्पष्ट लिहिते, कारण इथेच सगळे चुकतात. 'समाजाचा कार्यक्रम' म्हणून वस्तीतल्या माणसांना फुकट बोलावलं जातं आणि बाहेरच्या वक्त्याला मानधन मिळतं. हर्स्टनने स्वतः जानेवारी 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन गोल्डन थिएटरमध्ये लोकगीतांचा आणि बहामाच्या नृत्यांचा मोठा प्रयोग केला होता. प्रेक्षक खूश झाले, पण खर्च निघाला नाही. म्हणून हिशोब आधीच मांडा. तुमच्या 4,000 मध्ये मी असं करेन: गोष्टी सांगणाऱ्या सहा जणांना प्रत्येकी 150, म्हणजे 900. कथा वाचणाऱ्या नटाला 600. वस्तीतल्याच वादक-गायकांना 800. जेवण वस्तीतल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडून, 700. ध्वनियंत्रणेला 500, ध्वनिमुद्रणाला 300 आणि छपाईला 200. प्रमुख पाहुण्यांसाठी यात पैसे उरत नाहीत. मला ते योग्य वाटतं. चेक त्याच दिवशी हातात द्या. ग्रंथालयाचा हिशोब विभाग सहा आठवडे लावत असेल तर आधीच पाठपुरावा करा. ध्वनियंत्रणेवर काटकसर करू नका. ऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि हातातला माइक तो हळूहळू खाली नेतो. कॉलरला लावायचे माइक घ्या.

पत्रकात तिची माहिती देताना जपा. जन्म 7 जानेवारी 1891, अलाबामातलं नोटासल्गा. ती स्वतः ईटनव्हिल सांगायची आणि वयही दहा वर्षांनी कमी सांगायची, कारण 1917 मध्ये बाल्टिमोरच्या शाळेत फुकट शिक्षण मिळायला वय कमी असावं लागत होतं. म्हणून फ्लोरिडातल्याच फोर्ट पिअर्स गावातल्या तिच्या थडग्यावरही 1901 कोरलेलं आहे. तो दगड लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी 1973 मध्ये गवतात ती जागा शोधून बसवला.

तिच्या शेवटाबद्दल लोक हमखास एकच सांगतात, की ती गरिबीत आणि विस्मृतीत गेली. 28 जानेवारी 1960 रोजी ती सरकारी आश्रमात वारली आणि थडग्यावर नाव नव्हतं, हे खरं आहे. पण कुणालाच तिची पर्वा नव्हती, हे खरं नाही. अंत्यविधीसाठी शेजाऱ्यांनी आणि स्नेह्यांनी वर्गणी काढली. तिचे कागद अंगणात जाळले जात होते तेव्हा पॅट्रिक डुव्हाल हे तिचे परिचित, हुद्द्याने डेप्युटी शेरीफ, तिथून जात होते. त्यांनी धूर पाहिला आणि पाणी मारून आग विझवली. कडा जळालेले ते कागद आज गेन्सव्हिलला फ्लोरिडा विद्यापीठात आहेत. फोर्ट पिअर्सच्या लोकांची ही बाजू तुमच्या कार्यक्रमात आलीच पाहिजे.

आणखी एक, तिला गुळगुळीत करू नका. 1955 मध्ये तिने ऑरलँडोच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या एकत्रीकरणाच्या न्यायालयीन निकालाला विरोध केला होता. कृष्णवर्णीय मुलांनी शिकायला गोऱ्यांच्या शेजारी बसावंच लागतं, ही कल्पना तिला अपमानाची वाटली. वस्तीतली अनेक माणसं त्याच एकत्रीकरणासाठी लढलेली असतात. कुणी हा विषय काढला तर आवरतं घेऊ नका, बोलू द्या. आमच्याकडे जुन्या कृष्णवर्णीय शाळेत शिकवलेल्या एका निवृत्त बाईंनी त्या पत्रावर वीस मिनिटं वाद घातला. त्यांना पत्र मान्य नव्हतं, तरी आपली शाळा बंद झाली तेव्हा काय काय गेलं ते त्यांनीच सांगितलं. त्या दोन दिवसांतलं मला आठवणारं सगळ्यात चांगलं बोलणं ते.

तारखेचं. 7 जानेवारीच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा. महिन्यातला तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा, त्या आठवड्यात सगळी चर्चं मिरवणुकीत असतात. महिनाअखेरीला ईटनव्हिलचा महोत्सव असतो, त्याच्याशी गाठ घालू नका. उलट आपल्या कार्यक्रमात त्याची पत्रकं वाटा. फेब्रुवारीत ढकलायचा मोह होईल, तो कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना. पण त्या महिन्यात गावातल्या प्रत्येक गायकाला चार ठिकाणी बोलावणं असतं आणि उरलेले 11 महिने कुणी फोन करत नाही, हे त्यांनीच मला सांगितलंय. रविवारी दुपारी दोनच्या आधी काहीही ठेवू नका, चर्च सुटायला वेळ लागतो.

या आठवड्यात समितीतल्या त्या बाईंना फोन करा. पाठोपाठ आठ फुटी कागदाची गुंडाळी मागवा, ती मिळायला वेळ लागतो. आमचा तो पहिला नकाशा आता चर्चच्या तळमजल्यावरच्या जेवणघरात भिंतीवर लावलाय, काचेशिवाय, कारण लोक अजून त्यावर पेन्सिलने नावं लिहितात. मागच्या खेपेला गेले तेव्हा निळ्या आंब्यांखाली कुणीतरी त्या काकांचं नाव लिहिलेलं होतं.